एक किलोची रेघ : गांजा, ताबा आणि कायदा

भारतात गांजा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. किती बाळगला यावरून फक्त शिक्षा ठरते. कायद्याची ही पहिली गोष्ट, आणि नेमकी हीच सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते. कॉलेजच्या कट्ट्यावर ‘एक किलोपर्यंत चालतं’ असे छातीठोकपणे सांगणारा कोणीतरी भेटतोच. आकडा त्याने बरोबर ऐकलेला असतो, अर्थ मात्र साफ चुकीचा लावलेला असतो. १९८५च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमात एक किलोची रेघ आहे खरी. या कायद्याला पोलीस, वकील आणि वार्ताहर ‘एनडीपीएस’ म्हणतात. त्या रेघेच्या अलीकडे एक वर्षापर्यंतचा सश्रम कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही. पलीकडे दहा वर्षांपर्यंतचा सश्रम कारावास आणि एक लाखापर्यंतचा दंड. वीस किलोच्या पुढे किमान दहा वर्षे, कमाल वीस, आणि एक ते दोन लाखांचा दंड. शिक्षेशिवायचा कप्पा यात कुठेच नाही.

वजन कशाचे करायचे, इथून विषय सुरू होतो. झाड एकच, पण त्याची तीन रूपे बाजारात येतात आणि कायदा तिघांशी तीन प्रकारे वागतो. झाडाची राळ म्हणजे चरस. फुलांचे किंवा फळांचे शेंडे म्हणजे गांजा. नुसती पाने म्हणजे भांग. अधिनियमातील गांजाच्या व्याख्येत शेंडे येतात. बिया आणि पाने शेंड्यांसोबत नसतील तर ती वगळलेली आहेत. म्हणून भांग केंद्रीय कायद्याच्या तावडीतून सुटते आणि राज्यांच्या हाती जाते. उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात सरकारी परवान्याची भांगेची दुकाने आहेत. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी अधिनियमाने भांगेलाही मादक पदार्थांत गणले आहे. वाराणसीत दुकानात मागून मिळणारा गोळा पुण्यात विनापरवाना जवळ ठेवला, तर त्याचे उत्तर दारूबंदी कायद्याखाली द्यावे लागते.

ताब्यावर मर्यादा घालण्याची कल्पना या देशात नवी नाही. ब्रिटिश संसदेत प्रश्न निघाल्यावर १८९३मध्ये इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले गेले. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सात सदस्य, त्यांतले तीन भारतीय. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी नोंदवल्या. साक्ष देणाऱ्यांत डॉक्टर होते, कलेक्टर होते, शेतकरी आणि वैदूही होते. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा ‘गांजामुळे वेड’ असे लिहिलेल्या कित्येक नोंदींना काहीच आधार निघाला नाही. वेडाचे कारण म्हणून रकान्यात काहीतरी भरायचे असते, आणि गांजा हे सर्वांत सोयीचे उत्तर होते. माफक सेवनाने बहुतेकांना उल्लेखनीय अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि संपूर्ण बंदी ना गरजेची ना शहाणपणाची, असा निष्कर्ष आयोगाने काढला. त्याने सुचवले ते नियंत्रण : परवान्याखालची लागवड, पुरेसा कर, मोजकी दुकाने आणि एका माणसाजवळ किती असावे याची हद्द. ही हद्द गांजा किंवा चरस यांसाठी पाच तोळे आणि भांगेसाठी पाव शेर होती.

पाच तोळे म्हणजे आजचे सुमारे ५८ ग्रॅम. त्या हद्दीच्या आत असलेला माणूस गुन्हेगार नव्हता, गिऱ्हाईक होता. आजच्या कायद्यातली रेघ एक किलोची, म्हणजे जवळजवळ ८६ तोळ्यांची आहे, आणि तिच्या आतला माणूस आरोपी आहे. आकडा सतरा पटींनी वाढला, सवलत शून्यावर आली. मर्यादा आणि मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला याहून नेमके उदाहरण परदेशातही सापडणार नाही.

मधल्या काळात गांजा अबकारी खात्याच्या कक्षेत राहिला. १९६१च्या संयुक्त राष्ट्रांच्या एकल कराराने चित्र बदलले. भारताने करारावर सही केली, पण गांजाचा वैद्यकेतर वापर बंद करण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत राखून घेतली. पानांना व्याख्येतून वगळण्यामागेही भारताचा आग्रह होता. मुदत संपत आली तेव्हा, १९८५मध्ये, अधिनियम आला आणि १४ नोव्हेंबरपासून लागू झाला. त्या मूळ कायद्यात बहुतेक पदार्थांसाठी दहा वर्षांची किमान शिक्षा होती; गांजाला मात्र कमाल पाच वर्षे. ‘अल्प प्रमाण’ हा शब्द तेव्हाही होता, पण स्वतःच्या सेवनासाठी बाळगल्याचे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर होता. गांजासाठी ते प्रमाण ५०० ग्रॅम ठरवले गेले, चरससाठी ५ ग्रॅम. परिणाम व्हायचा तोच झाला : पुडीवाला आणि टोळीवाला एकाच तुरुंगात, आणि टोळीवाल्याकडे वकील चांगला.

२००१च्या दुरुस्तीने शिक्षा प्रमाणाशी बांधली. १९ ऑक्टोबर २००१च्या अधिसूचनेत पदार्थांचा लांबलचक तक्ता आला. त्यात अनुक्रमांक ५५वर गांजा आहे : अल्प प्रमाण १,००० ग्रॅम, व्यापारी प्रमाण २० किलो. चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉईनसाठी ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेनसाठी २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. तक्ता वाचताना व्याख्या सोबत ठेवावी लागते. अल्प म्हणजे दिलेल्या आकड्यापेक्षा कमी. व्यापारी म्हणजे दिलेल्या आकड्यापेक्षा जास्त. त्यामुळे काट्यावर बरोबर एक किलो भरला तर तो अल्प नाही, आणि बरोबर वीस किलो भरला तर तो व्यापारी नाही. शाळेतल्या गणितात हा फरक गुणांचा असतो, इथे तो वर्षांचा आहे. २०१४च्या दुरुस्तीने अल्प प्रमाणाची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून एक वर्षावर नेली. सेवनाचा गुन्हा वेगळ्या कलमात आहे. गांजासाठी त्याची शिक्षा आजही सहा महिन्यांपर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा खिशात ठेवणारा जास्त दोषी. आता, खिशात न ठेवता ओढायचे कसे, याचे उत्तर कायद्यात नाही.

कागदावरची रेघ प्रत्यक्षात उमटते ती पंचनाम्यात. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्यातला असा पंचनामा घ्यावा, त्यातली वाक्ये जवळजवळ पाठ असल्यासारखी असतात : हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, फुले, बिया व काड्या असलेला ‘गांजासदृश’ पदार्थ. ‘सदृश’ हा शब्द महत्त्वाचा. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तो गांजा नसतो, गांजासारखे काहीतरी असते. मग वजनकाटा येतो, बरेचदा जवळच्या दुकानातून. पिशवीसह वजन, पिशवीशिवाय वजन, नमुने, लाखेचे सील, पंचांच्या सह्या. आता पाने, फुले, बिया व काड्या या वर्णनातच कायद्याचा पेच दडलेला आहे. काड्यांचे वजन धरायचे का? शेंड्यांपासून सुटलेल्या पानांचे? शेतातून उपटलेल्या ओल्या झाडांना मातीसकट तोलले असेल तर? आतल्या शेंड्यांचे वजन वेगळे काढलेलेच नाही, या कारणावरून उच्च न्यायालयांनी व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणांतही जामीन दिले आहेत. उसाच्या फडात किंवा तुरीच्या ओळींत लपवून लावलेल्या झाडांची बातमी दर हंगामात येते, आणि तिच्यात ‘अमुक किलो’ हा आकडा ठळक असतो. लागवडीच्या गुन्ह्याला मात्र किलोची पायरीच नाही. दोन झाडे असोत की दोनशे, कमाल शिक्षा दहा वर्षांचीच.

भेसळीचा प्रश्न याहून गाजला. २००८मध्ये ई. मायकल राज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मिश्रणातला शुद्ध मादक अंशच मोजावा. केंद्र सरकारने २००९मध्ये अधिसूचनेला टीप जोडून उलट सांगितले : संपूर्ण मिश्रण मोजावे. अकरा वर्षे खालची न्यायालये या दोहोंत झुलत राहिली. २०२०मध्ये हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आधीचा निर्णय मोडीत काढला आणि सरकारची बाजू उचलून धरली. पांढऱ्या भुकटीच्या बाबतीत यामागचा तर्क समजतो. विकणारा पीठ मिसळूनच विकतो आणि घेणारा मिश्रणच घेतो. पण गांजा घातलेला ब्राउनी केक मुंबईत पकडला जाऊ लागला तेव्हा त्याच तर्काने मैदा, साखर आणि लोणी यांचेही वजन आरोपीच्या खात्यावर पडायची वेळ आली.

प्रमाणाखालोखाल वाद आहे तो ‘ताबा’ या शब्दाचा. वस्तू जवळ असणे पुरेसे नाही, ती काय आहे याची जाणीवही हवी, हे न्यायालयांनी मान्य केले आहे. पण जाणीव होती असे कायदा गृहीत धरतो आणि नव्हती हे आरोपीने दाखवायचे असते. एसटीच्या फळीवरची पिशवी कोणाची, मित्राच्या नावाने आलेले पार्सल उघडले कोणी, चौघे राहतात त्या खोलीतल्या गादीखालचा माल कोणाचा, अशा प्रश्नांवर खटले उभे राहतात आणि पडतात. पडण्याचे कारण बहुधा कार्यपद्धतीत असते. अंगझडती घ्यायची तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर ती होण्याचा हक्क आरोपीला सांगावा लागतो. १९९९च्या बलदेव सिंग निकालाने हे बंधन पक्के केले. नमुने दंडाधिकाऱ्यासमोर घ्यावे लागतात, हे २०१६च्या मोहनलाल निकालाने बजावले. अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, हे २०२०च्या तोफान सिंग निकालाने सांगितले. शिक्षा जितकी जबर, तितकी कार्यपद्धती काटेकोर हवी, हे या निकालांमागचे सूत्र.

जामिनाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचीच दोन मते नोंदली गेली आहेत. २०१०मध्ये एका खटल्यात एक किलोपेक्षा कमी गांजाचा गुन्हा जामीनपात्र मानला गेला. २०२०मध्ये, चित्रपटसृष्टीशी जोडल्या गेलेल्या आणि महिनाभर दूरचित्रवाणीवर चाललेल्या प्रकरणात, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायमूर्तींनी या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र ठरवले. व्यापारी प्रमाणासाठी तर कलम ३७ आहेच : आरोपी दोषी नसावा असे मानायला सबळ कारण दिसल्याशिवाय जामीन नाही. वीस किलो आणि वीस किलो शंभर ग्रॅम यांतला फरक खटला सुरू होण्याआधीच, कच्च्या कैदेच्या वर्षांत मोजला जातो.

बाहेरच्या जगात ही रेघ वेगवेगळ्या कामांसाठी वापरली जाते आणि त्यावरून विचारांचे ढोबळ पंथ पडले आहेत. पहिला जरबेचा. सिंगापूरमध्ये १५ ग्रॅमच्या पुढे विक्रीचा हेतू गृहीत धरतात आणि ५०० ग्रॅमच्या पुढे फाशी आहे. भारतात अल्प मानला जाणारा गांजा तिथे गळफासाला पुरतो. दुसरा पंथ काणाडोळ्याचा. नेदरलँड्सने १९७६पासून गुन्हा पुस्तकात ठेवला आणि खटला भरणे सोडले. आज तिथली सहनशीलता ५ ग्रॅमपर्यंत आहे. पोर्तुगालने १ जुलै २००१पासून दहा दिवसांच्या सेवनाइतका साठा, म्हणजे २५ ग्रॅम गांजा, फौजदारी कक्षेतून काढला आणि पकडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी डॉक्टर, समाजसेवक आणि कायदेतज्ज्ञ यांच्या समितीपुढे पाठवायला सुरुवात केली. भारताने आणि पोर्तुगालने आपापले तक्ते एकाच वर्षी अमलात आणले. एकाने शिक्षेची पायरी कोरली, दुसऱ्याने तुरुंगाचे दार बंद केले.

तिसरा पंथ परवान्याचा. उरुग्वेने २०१३मध्ये कायदा करून नोंदणी केलेल्या प्रौढाला महिन्याला ४० ग्रॅमची मुभा दिली. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८पासून सार्वजनिक जागी ३० ग्रॅम. जर्मनीत १ एप्रिल २०२४पासून बाहेर २५ ग्रॅम, घरी ५० ग्रॅम आणि तीन झाडे. अमेरिकेत कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांच्या मतदारांनी २०१२मध्ये दार उघडले. संघराज्याचा कायदा मात्र बंदीचाच राहिला. हेम्प आयोगाच्या पाच तोळ्यांशी या आकड्यांचे नाते जवळचे आहे, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. चौथा पंथ न्यायालयांतून आला. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५मध्ये आणि दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २०१८मध्ये घराच्या चार भिंतींआडचे सेवन खासगीपणाच्या हक्काखाली आणले. भारतात २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरल्यावर याच वाटेने युक्तिवाद होणे स्वाभाविक आहे, पण एनडीपीएसच्या चौकटीला त्याने अजून धक्का लावलेला नाही.

सगळी वाटचाल एकाच दिशेने नाही. चेक प्रजासत्ताकात सरकारने ग्रॅमचा तक्ता काढला आणि घटना न्यायालयाने २०१३मध्ये तो रद्द केला. गुन्ह्याची सीमा संसदेने आखायची, सरकारी आदेशाने नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. थायलंडने जून २०२२मध्ये गांजा मादक पदार्थांच्या यादीतून काढला आणि २०२५मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीत बसवला. त्या तीन वर्षांचा परिणाम मुंबईच्या विमानतळावर दिसला. बँकॉकहून येणाऱ्या बॅगांमध्ये मातीविना वाढवलेला, ‘हायड्रो’ म्हणून ओळखला जाणारा तेज गांजा वारंवार सापडू लागला. अनुक्रमांक ५५ला ही प्रतवारी कळत नाही. शेतातला काडीकचऱ्याचा एक किलो आणि बँकॉकचा निवडक शेंड्यांचा एक किलो त्याच्या लेखी सारखेच.

विषय आता महत्त्वाचा का, याचे उत्तर आकड्यांत आणि प्रवासात आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले भारतीय सुमारे ३.१ कोटी होते. त्यांपैकी गांजा-चरस घेणारे सुमारे १.३ कोटी. इतक्या लोकांना लागू होणारा कायदा प्रत्यक्षात कोणावर चालतो? विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसीने मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांमधल्या २०१७ आणि २०१८च्या खटल्यांचा अभ्यास केला. त्यात बहुतेक खटले गांजाचे, स्वतःच्या सेवनाचे आणि गुन्हा कबूल करून दंड भरण्यात संपलेले निघाले. पकडले जाणारे मुख्यतः पदपथावरचे आणि झोपडपट्टीतले. बंगल्याच्या गच्चीवर गस्त फिरत नाही. दुसरीकडे, टोरांटोला शिकायला गेलेल्या मराठी मुलाच्या हातात कायदेशीर दुकानाची पुडी असते, आणि अधिनियमाचे पहिलेच कलम सांगते की तो भारताबाहेरच्या भारतीय नागरिकालाही लागू आहे. त्या पुडीसाठी तिकडे कोणी खटला भरत नाही. पण ती विसरून सामानात राहिली तर सहार विमानतळावर ‘तिकडे चालतं’ हा बचाव नाही.

धोरणही जागचे हलते आहे. डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक परिशिष्टातून काढले, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले. उत्तराखंडने धाग्यासाठी कमी नशेच्या जातीच्या लागवडीला परवाने दिले. व्यसनी माणसाने अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४ अ पुस्तकात कधीपासून आहे. वापरात ते क्वचितच येते, कारण आरोपीला ते कोणी सांगत नाही. कायद्यातला सर्वांत माणुसकीचा परिच्छेद सर्वांत कमी वाचला जावा, ही या विषयाची खरी शोकांतिका. गांजा निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे. कोवळ्या वयातले आणि रोजचे सेवन मेंदूला व मनाला महाग पडते, मनोविकाराची प्रवृत्ती असलेल्यांना विशेषच. वाद अपायाबद्दल नाही. अपायाला तुरुंग हे औषध आहे का, याबद्दल आहे.

प्रस्तुत पुस्तक या वादात वकीलपत्र घेत नाही. मराठीत या विषयावर एकीकडे कलमवार टिपांची पुस्तके आहेत, ती वकिलांखेरीज कोणी उघडत नाही. दुसरीकडे व्यसनमुक्तीचे साहित्य आहे, ते कायद्याला हात लावत नाही. पोलीस ठाण्यातला नवा उपनिरीक्षक, जिल्हा न्यायालयात पहिल्यांदा जामीन अर्ज लिहिणारी वकील, तालुक्याचा वार्ताहर आणि मुलाच्या दप्तरात पुडी सापडलेले आईबाप, या चौघांना एकाच वेळी हाती धरता येईल असे काही नव्हते. ते देण्याचा हा प्रयत्न आहे. म्हणून यात निकालांची भाषा साधी केली आहे, पंचनामा आणि प्रयोगशाळेचा अहवाल कसा वाचावा हे उदाहरणांनी दाखवले आहे, आणि परदेशांचे कायदे आदर्श म्हणून नव्हे तर प्रयोग म्हणून मांडले आहेत, फसलेल्या भागांसह. लेखनाचा कल लपवलेला नाही : ग्रॅममधली रेघ वजन सांगते, हेतू सांगत नाही, आणि ज्या कायद्यात फक्त काटा बोलतो तिथे न्यायाधीशाला बोलायला जागा उरत नाही. वाचकाला हा कल बाजूला ठेवूनही पुस्तक वापरता येईल.

एक सूचना मात्र आवश्यक आहे. परिशिष्टातला परदेशांचा तक्ता वापरण्यापूर्वी त्या त्या देशाचा चालू कायदा तपासून घ्यावा. ते आकडे दर एक-दोन वर्षांनी हलतात. भारताच्या बाबतीत तेवढी धावपळ नाही. अनुक्रमांक ५५समोरचे दोन्ही आकडे १९ ऑक्टोबर २००१ रोजी छापले गेले, तेच आजही आहेत.